खजुराची बहीण ओढ्याकाठी

मगरिबची अजान झाली की सोनईत घराघरांत खजूर हातात येतो. प्रेषित मुहम्मद (स.) ताज्या खजुराने, तो नसेल तर सुक्या खजुराने आणि तोही नसेल तर पाण्याने रोजा सोडत. म्हणून रमजान आणि खजूर हे नातं शेजारच्या हिंदू घरांनाही ठाऊक असतं. अलीकडे फळाबरोबर झाडही ओळखीचं होऊ लागलं आहे. हॉटेलं, मंगल कार्यालयं, बंगल्यांची फाटकं इथे क्रेनने आणलेली मोठी खजुरीची झाडं उभी राहतात.

शोभेला हरकत नाही. पण शोभेचं झाडही जगवावं लागतं. खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं, अशी अरबांची म्हण आहे. मुळा धरणाचं पाणी आणि नगरचं ऊन, दोन्ही इथे आहे. खारवट, चोपण जमीनही हे झाड बऱ्यापैकी सोसतं. फळाची आशा मात्र बेताची ठेवावी. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळ पिकायच्या ऐन वेळी पावसाळा येतो. कच्छचे शेतकरी म्हणूनच घड पूर्ण पिकण्याआधी उतरवतात. शिवाय मुळं छाटून आणलेल्या मोठ्या झाडाच्या जखमांतून लाल सोंड्या भुंगा शिरतो. अळ्या खोड आतून पोखरतात आणि शेंडा वाळलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. देठाशी सुईसारखे काटे असतात, त्यामुळे मुलांच्या वाटेवर हे झाड नको.

खरा प्रश्न वेगळाच आहे. खजुराची सख्खी बहीण आपल्याच ओढ्याकाठी उभी आहे. ती म्हणजे शिंदी. वनस्पतिशास्त्रात दोघींचं कूळ एकच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हीच शिंदी बागेची शोभा म्हणून विकत घेऊन लावतात. इथे मात्र तिच्या नावाला ताडीचा वास चिकटला, म्हणून ती फाटकाशी कुणाला नको असते. बांध सपाट करताना, ओढा सरळ करताना जेसीबीपुढे तिचा विचार कुणी करत नाही.

वास्तविक तिच्याच पानांची केरसुणी होते आणि दिवाळीला लक्ष्मी म्हणून तिची पूजा होते. एका बहिणीने रोजा सुटतो, दुसरीला हळद-कुंकू वाहिलं जातं. गावाच्या सलोख्याची याहून साधी खूण कोणती?

कयामतीची घडी आली आणि हातात रोप असेल, तर जमेल तोवर ते लावून टाका, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. तिथे रोपासाठी आलेला ‘फसीला’ हा अरबी शब्द खजुराच्या रोपाचाच आहे. लावणाऱ्याने सावली किंवा फळ आपल्याला मिळेल का, हे विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ.

तेव्हा दारात खजूर लावणाऱ्याने अवश्य लावावा, पण निगा राखायची तयारी ठेवून. ऐपत नसेल त्याने शिंदीची बी रुजवावी. ओढ्यातली उभी झाडं मात्र खणून आणू नयेत. मशिदीचं आवार, मंदिराची मोकळी जागा, शाळेच्या कुंपणाची कड, कुठेही ती चालेल. ईदच्या शिरखुर्म्यासाठी खारका भिजत घालताना एवढा विचार प्रत्येक घराने केला, तरी ओढ्याकाठची बहीण वाचेल.