बंबातले तुकडे

गेल्या हिवाळ्यात चिखली तालुक्यातील एका खेड्यातून पंच्याहत्तरीच्या आजी माझ्याकडे आल्या. आयुष्य चुलीपुढे गेलेल्या स्त्रियांना जडतो तो फुफ्फुसांचा जुनाट विकार, म्हणजेच सीओपीडी, त्यांना होताच. पण या वेळी आठवडाभरात खोकला बळावला होता, डोळे चुरचुरत होते आणि सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना डोके गरगरत होते. ताप नव्हता. इनहेलर त्या नीट घेत होत्या. अशा वेळी मी विचारतो तोच प्रश्न विचारला : घरात नवीन काय घडले?

सून म्हणाली, "आबाजींच्या खोलीचं काम चालू आहे. सुताराचे उरलेले तुकडे बंबात घालतो. पण डॉक्टरसाहेब, ते लाकूड पेटूनच नाही राहिलं, नुसतं धुपून राहिलं."

निदान या एका वाक्यात होते. आबाजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्या खोलीतच देवघर. म्हणून शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने भिंतीच्या फळ्यांसाठी आगीला दाद न देणारे प्लायवूड आणले होते. हेतू उत्तमच होता. मात्र त्याचे उरलेले तुकडे सरपण नव्हेत, हे कोणी सांगितले नव्हते.

असे लाकूड तयार करताना त्यात बहुधा अमोनियम फॉस्फेट, टाकणखार, बोरिक आम्ल अशी द्रव्ये दाबाखाली मुरवलेली असतात. उष्णता लागली की पृष्ठभागाचा लवकर कोळसा होतो, आणि तो थर आतल्या लाकडाला काही काळ राखतो. ज्वाला मंद राहते, हाच त्याचा गुण. बंबात हाच गुण दोष ठरतो. लाकूड धडपणे पेटत नाही, धुमसत राहते आणि धूर वाढतो. अमोनियम क्षार तापले की झोंबणारा अमोनिया वायू सुटतो. प्लायवूडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइडही निघते. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दारे बंद करून पेटवलेल्या बंबाजवळ डोके गरगरते ते पुष्कळदा त्यामुळेच. आजींचा त्रास तुकडे बंद केल्यावर आणि नेब्युलायझरच्या औषधाने चार दिवसांत निवळला.

वाळवीसाठी प्रक्रिया केलेल्या लाकडाबद्दल तर अधिकच सावध असावे. त्यातील काही प्रकारांत तांबे व क्रोमियम यांच्या जोडीने आर्सेनिक असते, आणि जाळल्यावर ते राखेत उरते. आपल्याकडे राख भांडी घासायला आणि परसातल्या झाडांना घालण्याची रीत आहे. म्हणून प्रक्रिया केलेले कोणतेही लाकूड चुलीत, बंबात किंवा होळीतही घालू नये. त्याचा भुसा गोठ्यात पसरू नये, त्याचा पोळपाट करू नये. चांगले तुकडे कोरड्या जागी फळीखाली आधाराला वापरावेत; उरलेले बांधकामाच्या कचऱ्याबरोबर द्यावेत.

काम चालू असताना घरातील वृद्धांनी व बालकांनी दुसऱ्या खोलीत राहावे. लाकडाचा भुसा, मग ते साधे सागवान का असेना, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवला आहे. नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांना त्याचा धोका असतो. सुताराने कापणी उघड्यावर करावी, नाकातोंडावर मुखपट्टी लावावी, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. खोली कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. (आमचे सुतार मुखपट्टीला हसतात. मी त्यांना वर्षानुवर्षे साचलेल्या खोकल्याचा हिशेब विचारतो.)

आता मुलाने जे विकत आणले त्याबद्दल. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली आगीत गेला, तो बव्हंशी सागवानी होता. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचली. लाकूड आणि कागद यांना वेळ द्यावा लागत नाही. प्रक्रिया केलेले लाकूडही न जळणारे नव्हे. ते फक्त आपल्याला काही मिनिटे मिळवून देते. घेताना आयएस ५५०९ या भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. त्यावर रंधा मारू नये, जाडी तासू नये; द्रव्य वरच्या थरातच अधिक असते. यातील बहुतेक क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने आतल्या वापराचे प्लायवूड न्हाणीघरात किंवा पावसाच्या माऱ्यात लावू नये. खिळे-स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले असावेत, एरवी ओल धरून ते गंजतात. आणि खामगाव-मलकापूरकडच्या वाचकांनी पत्र्याच्या छताला ते चिकटून लावू नये. अमेरिकेत १९८० च्या दशकात छताखाली वापरलेले असे प्लायवूड उन्हाच्या तापाने काही वर्षांतच ठिसूळ झाले होते. आपल्या मे महिन्यात पत्रा किती तापतो, हे सांगायला नको.

घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर या साऱ्या लाकडाचा भरवसा सोडावा. जादा ऑक्सिजनमध्ये पांघरूण, साडीचा पदर, उशी क्षणात पेटतात. समई, उदबत्ती आणि विडी त्या खोलीत नकोच.

महिन्याभराने मी त्या घरी गेलो. फळ्या सुरेख बसल्या होत्या. पण आबाजींची खाट पलीकडच्या भिंतीला, खिडकीखाली. वाटेत कपाट आणि शिलाई मशीन. दाराशी तेलाची समई तेवत होती. आग लागली तर अंथरुणातल्या माणसाला एकटी सून दाराबाहेर कशी नेणार, हा प्रश्न मी विचारला आणि कोणी बोलले नाही. मग आम्ही तिघांनी मिळून सतरंजीवर घेऊन ओढत नेण्याची तालीम केली. समई ओट्यावरच्या दगडी कोनाड्यात गेली, कपाट ओसरीत आले, खाट दाराजवळ सरकली. आबाजी दोन दिवस कुरकुरले. खिडकीतून त्यांना रस्त्यावरची बैलगाडी दिसत असे.