तापवल्यावर चालू झाले, म्हणजे दुरुस्त झाले?

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी भारतात आला. त्याच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लुकलुकू लागले की तो मेला, एवढेच ग्राहकाला कळे. बंद पडण्याचे प्रमाण इतके वाढले की जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. हमी संपलेल्यांनी मात्र घरगुती इलाज शोधले. त्यातला सर्वांत लोकप्रिय इलाज म्हणजे कन्सोल टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचा, चांगला तापू द्यायचा, मग थंड करून पुन्हा सुरू करायचा. गंमत म्हणजे पुष्कळदा तो खरोखरच सुरू होई. त्यावरून असा समज पक्का झाला की चिप आणि मदरबोर्ड यांच्यामधले सोल्डर तडकलेले असते आणि उष्णतेने ते वितळून पुन्हा जुळते. शिसे नसलेल्या नव्या सोल्डरवर तेव्हा सगळ्यांचाच राग होता, त्यामुळे आरोपी आयताच मिळाला.

हा समज टिकणारा नव्हता, हे साध्या आकड्यांवरूनही दिसले असते. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळते. टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल तिथवर पोचणे अशक्यच, कारण त्याच्या फार आधी यंत्र स्वतःच अतितापमानाची सूचना देऊन बंद होते. म्हणजे काहीही न वितळता यंत्र जिवंत होत होते. मग जुळत काय होते? मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये एक्सबॉक्सच्या इतिहासावर केलेल्या माहितीपटात हार्डवेअर विभागाचे तेव्हाचे प्रमुख टॉड होल्मडाल यांनी सांगितले की तुटत होत्या त्या घटकांच्या आतल्या जोडण्या. सिलिकॉनचा तुकडा आपल्या तळपट्टीवर अतिसूक्ष्म सोल्डर-बिंदूंनी बसवलेला असतो. दर वेळी यंत्र चालू-बंद झाले की हे वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आक्रसतात, आणि शेवटी एखादा बिंदू दगा देतो. तापवल्यावर पदार्थ प्रसरण पावून तुटलेली टोके पुन्हा टेकत, इतकेच. चिप उचलून खाली नवे सोल्डरचे गोळे बसवण्याचे, म्हणजे रीबॉलिंगचे, काम कितीही सफाईने केले तरी आतला तुटलेला बिंदू तसाच राही. कामाच्या ओघात मिळालेल्या उष्णतेने यंत्र काही आठवडे वा महिने चाले आणि श्रेय रीबॉलिंगला जाई.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची कथा आणखी बोलकी आहे. त्याच्या बिघाड दाखवणाऱ्या पिवळ्या दिव्यालाही वर्षानुवर्षे हाच सोल्डरचा सिद्धान्त चिकटवला गेला. मग लक्षात आले की काही यंत्रांत प्रोसेसरना वीज पुरवणारे चपटे एनईसी-टोकिन कपॅसिटर थकलेले असतात, तर काहींत ग्राफिक्स चिपच आतून गेलेली असते. थकलेला कपॅसिटरही गरम झाल्यावर काही काळ बरा वागतो. म्हणजे हीट गन फिरवली की दोन्ही रोग तात्पुरते बरे, आणि नेमका कोणता होता हे कायमचे अंधारात. आता उलटी लाट आली आहे. पिवळा दिवा दिसला रे दिसला की कपॅसिटर बदला! ऑसिलोस्कोप लावून वीजपुरवठ्यातले चढउतार न पाहता केलेला हा बदल जुन्याच चुकीची नवी आवृत्ती आहे. लक्षण गेले म्हणून कारण सापडले असे होत नाही, आणि दुरुस्तीच्या धंद्यात नेमका हाच पुरावा मानला जातो.

यावर कारागिराचे म्हणणे रास्त आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा तालुक्याच्या गावी, गिऱ्हाईक पैसे देते ते चालू झालेल्या यंत्राचे. मोजमापात घालवलेल्या तासाचे कोणी देत नाही, आणि चेकिंग चार्ज मागितला की कपाळाला आठ्या पडतात. पण सगळेच निदान वेळखाऊ नसते. एक्सबॉक्स ३६० मध्ये सिंक बटण दाबून धरून इजेक्ट बटण चार वेळा दाबले की दिव्यांच्या लुकलुकण्यातून चार अंकी सांकेतिक आकडा मिळतो. प्लेस्टेशन ३ चा सिस्टिम कंट्रोलर स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवतो आणि एका स्वस्त अडॅप्टरने ती वाचता येते. यंत्रे आपले दुखणे सांगत होती. त्यांची भाषा मात्र निर्मात्यांनी जाहीर केली नाही, हौशी लोकांनी ती अंदाजाने जुळवली. माझ्या मते हीट गनचा सुळसुळाट कारागिरांच्या आळसापेक्षा या मौनातून अधिक झाला.

या मौनासाठी कंपन्यांचा बचाव चाचेगिरीच्या भीतीचा असतो, आणि तो पूर्ण खोटा नाही. एक्सबॉक्स ३६० ची डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डशी गुप्त किल्लीने बांधलेली असते. ती किल्ली उघड करा असे कोणी म्हणत नाही. पण अमुक आकडा मेमरीचा दोष दाखवतो किंवा अमुक जागी इतके व्होल्ट हवेत, एवढ्या माहितीने कोणाचा गेम चोरीला जाणार? तरीही हा बचाव चालतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यातून व्हिडिओ गेम कन्सोल वगळले गेले. ‘वीस वर्षांच्या खेळण्यासाठी एवढा आटापिटा कशाला’ हा दुसरा आक्षेप तर दुरुस्तीच्या खर्चाचाच हिशेब चुकवतो. चुकीच्या निदानाने दोनदा तापवलेला बोर्ड बहुधा तिसऱ्यांदा कोणाच्याच कामाचा उरत नाही, आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग आता अशाच बोर्डांवरून काढावे लागतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. कन्सोलला त्यातल्या तिसऱ्या क्षेत्रात स्पष्ट नावानिशी बसवावे, आणि निर्मात्याने एखाद्या मॉडेलची दुरुस्ती थांबवली की त्याच दिवशी बिघाड-संकेतांची यादी आणि व्होल्टेजचा तक्ता खुला करण्याची अट घालावी.