एका घरात दोन १०८

"झिला, तुझां तां नेट परत गेलां."

गेल्या वर्षी चतुर्थीपासून पुढचे पाच महिने काकीचा फोन या एकाच वाक्याने सुरू व्हायचा. 'तुझां' हा शब्द मुद्दाम बघा. नेट कंपनीचं नाही, दादाचं नाही, माझं. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं, कारण देवबागच्या घरात जो काही खेळ मांडला होता तो मीच मांडला होता. आणि मांडून झाल्यावर पासवर्डासकट मुंबईला निघून आलो होतो.

आमचं देवबागचं घर चिऱ्याचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मध्ये दीड-दोन वीत जाडीच्या भिंती. उन्हाळ्यात या भिंतींना तोड नाही, पण वायफायला त्या अजिबात दाद देत नाहीत. माजघरात राउटर आणि पडवीत शून्य. वहिनी दोन खोल्या पाहुण्यांना देते, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी वायफाय विचारतो. म्हणून चतुर्थीला जाताना मी दुसरा राउटर घेऊन गेलो, केबल ओढून पडवीत लावला. दादाने कॅमेरे बसवले होते, त्याच्या रेकॉर्डरलाही नेटवर आणलं. तेव्हा मी फार खुशीत होतो. चाकरमान्याने गावच्या घरासाठी काही केलं की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो ना, तो!

त्या रेकॉर्डरला मी हाताने कायमचा पत्ता देऊन टाकला : १९२.१६८.१.१०८. का, तर लक्षात राहायला सोपा. जपमाळेचे मणी १०८. (हसू नका. तुमचे पासवर्ड काय असतात ते मला माहीत आहे.)

आता ज्यांना हे पत्त्याचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. इंटरनेटचे जुने पत्ते मोजून चार अब्जांच्या वर थोडे. जगाला ते पुरणार नाहीत हे लवकरच कळलं, म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाच्या टिपणाने काही पत्ते घरगुती वापरासाठी बाजूला काढले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. (वाटायचे शिल्लक गठ्ठे तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातून संपलेच.) हे घरगुती पत्ते म्हणजे 'वरची वाडी', 'खालची वाडी' यांसारखे. गावोगावी वरची वाडी असते, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते एकाच गावात दोन वरच्या वाड्या झाल्या की.

घरात हे नंबर वाटायचं काम राउटर करतो. फोन येऊन मागतो, राउटर ठरावीक मुदतीसाठी एक नंबर देतो आणि आपल्याकडे टिपून ठेवतो. मग घरातल्या कुणाला १०८ शी बोलायचं असेल तर तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो : "१०८ नंबर कोणाचो रे?" जो "माजो!" म्हणेल त्याला माल पोचता होतो. ही हाकेची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली, आणि तिच्यात "कशावरून तुझा?" असं विचारायची सोयच नाही. दोघांनी "माजो" म्हटलं तर ज्याचं उत्तर कानावर पडलं तो खरा. पुढच्या वेळी दुसरा. एकाच वाडीत एकाच नावाचे दोघे असले की पोस्टमन मनीऑर्डर आज याला देई, उद्या त्याला, तसंच. म्हणून हा बिघाड 'बंद पडलं' असा नसतो. चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. कॉम्प्युटर निदान तक्रार तरी करतो की माझा पत्ता दुसराच कुणी वापरतोय. फोन बहुधा वायफायच्या खुणेशेजारी एक उद्गारचिन्ह काढून गप्प बसतो.

तर काकीचा फोन यायचा आणि मी ऑफिसातून एकच मंत्र म्हणायचो : "राउटर बंद करून चालू कर."

मंडळी, हे वाक्य मी आता सोडून दिलंय आणि तुम्हीही सोडावं असं माझं मत आहे. हा सल्ला नव्हे, फोन ठेवण्याची ही सभ्य पद्धत आहे. आणि आमच्या घरी तर तोच रोग होता!

झालं असं होतं. दादाने इन्व्हर्टरची लाईन पडवीत आणि खोल्यांत घेतली होती, माजघरात नाही. त्यामुळे लाईट गेली की पडवीतला राउटर चालू राहायचा, त्याला जोडलेला प्रिंटरही चालू. मुख्य राउटर मात्र बंद. लाईट आली की तो उठायचा तो कोरी पाटी घेऊनच, कारण साध्या राउटरची वाटपाची टिपणं विजेबरोबर पुसली जातात. प्रिंटरला यातलं काहीच कळलेलं नसायचं. तो आपला १०१ धरून बसलेला. काकी मालिकेसाठी टीव्ही लावायची, टीव्ही नंबर मागायचा, राउटर ओळीने वाटत वाटत १०१ टीव्हीला देऊन मोकळा. काही राउटर नंबर देण्याआधी तो रिकामा आहे ना म्हणून हाक मारून बघतात. आमचा त्यातला नव्हता. मग काही तासांनी प्रिंटर मुदत वाढवून मागायला आला की त्याला "हा तुझा नाही" म्हणून दुसरा नंबर मिळायचा आणि भांडण आपोआप मिटायचं. मी रात्री फोन करून विचारायचो तर "आता चालता" असं उत्तर. आणि मी जेव्हा जेव्हा "बंद करून चालू कर" म्हणायचो तेव्हा काकी इमाने इतबारे माजघरातला राउटर बंद करून त्याची उरलीसुरली स्मृती पुसून टाकायची.

हे सगळं मी शोधलं असतं तर हा लेख बराच वेगळा झाला असता. शोधलं वहिनीने.

आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो होतो. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून मोठ्या थाटात बसलो. वहिनी हात पुसत आली आणि म्हणाली, "भावजीनू, लाईट जाताना नेट जायना नाय. लाईट इली की जाता." मी म्हटलं, असं काही नसतं. तिने काही न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे ठेवलं. त्याच्याच मागे गेल्या वर्षीचंही टांगलेलं होतं, तेही दिलं. दुधाच्या हिशेबाच्या चौकटींत बारीक अक्षरात 'ला' आणि 'ने', आणि पुढे वेळ. 'ला' म्हणजे लाईट, 'ने' म्हणजे नेट. मी मोजलं. सतरा 'ने'. त्यातल्या चौदांच्या आधी त्याच चौकटीत 'ला'.

उरलेल्या तीन चौकटींत 'पा ४' असं होतं. पाहुणे, चार. चार पाहुण्यांचं आणि नेटचं काय? पण मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि कान गरम झाले. घरातले तीन फोन, टीव्ही, प्रिंटर : नंबर १०० ते १०४. राउटर शंभरपासून वाटतो. चार पाहुणे एकदम आले की त्यांचे चार फोन १०५, १०६, १०७ आणि... जपमाळ पूर्ण! चौथ्या पाहुण्याला माझ्या रेकॉर्डरचा नंबर. पाहुणा म्हणायचा नेट येत नाही, आणि त्याच वेळी मालवणात दुकानात बसलेल्या दादाच्या फोनवरून घराचे कॅमेरे गायब व्हायचे. त्या तीन वेळांतल्या एका वेळी दादा दुकान बंद करून धावत घरी आला होता, हे मला तेव्हा कळलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगून मी काय म्हणणार होतो ते त्यांना पाठ होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. राउटर १०० ते १९९ वाटतो, तेव्हा हाताने दिलेला नंबर शंभराच्या खालचाच हवा होता. त्याहून बरं म्हणजे हाताने काही देऊच नये. राउटरच्याच वहीत लिहावं की अमुक यंत्राला हाच नंबर, म्हणजे वाटणाऱ्याला ठाऊक असतं आणि तो दुसऱ्याला देत नाही. रेकॉर्डरला आणि प्रिंटरला तसं राखून दिलं. मुख्य राउटरची वायर इन्व्हर्टरवर घेतली. (तुमच्याकडे दोन राउटर असतील तर आधी एवढं बघा की नंबर वाटणारा एकच आहे. दोघेही वाटत असतील आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर कालनिर्णयाची एक ओळही पुरणार नाही.) वहिनीने विचारलं, हे कुठं दिसतं? राउटरच्या आतलं पान तिला दाखवलं : कोण जोडलंय, कुणाला कुठला नंबर. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या माका पयलांच दाखवलात असतात तर?"

खरंच, का दाखवलं नव्हतं? पासवर्ड मी माझ्याकडे ठेवला तो "त्यांनी उगाच हात लावला तर" म्हणून. पाच महिने घरात राहून बिघाड सोसायचा त्यांनी, पाहुण्यांचं ऐकून घ्यायचं वहिनीने, आणि चावी अंधेरीत माझ्या वहीत. आपण चाकरमानी घराच्या बाबतीत हे नेहमीच करतो. सातबाऱ्यावर नाव असतं म्हणून चतुर्थीला येऊन पंप बदलतो, फ्यूज बदलतो, आणि तो पंप वर्षभर चालवणाऱ्याला विचारत नाही की तो कधी अडकतो. नेटच्या बाबतीत तर अज्ञान गृहीतच धरलेलं. त्यातही ती बाई असेल तर विचारूच नका. "तुम्हाला नाही कळायचं" हे मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण पासवर्ड घेऊन जाण्याचा दुसरा अर्थ काय होतो?

त्या रात्री पासवर्ड तिच्या हवाली केला आणि निघालो. वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी ज्यांनी ज्यांनी गावच्या घरात काही लावून ठेवलंय त्यांनीही या मे महिन्यात तेवढं करून यावं. सोबत एक कागद : काय लावलंय, कुठे, कुठल्या नंबरावर.

परवा आंब्यांसाठी जाऊन आलो. पडवीत बसून सवयीने राउटरचं पान उघडलं, तर माझा पासवर्ड चालेना. वहिनीला विचारलं. तिने एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहून आणून दिलं.

"ह्यो घेवा. पाव्हण्यांचो."

"आणि आतला?"

"तो कित्याक होयो तुमका?" म्हणाली, आणि मासे साफ करायला गेली.