तंबूबाहेरचा कुत्रा

शनिवार-रविवारी लोणावळ्याहून राजमाचीला चालत जाणाऱ्यांत आता आपली मुलंही असतात. कुणी पाळलेला कुत्रा सोबत नेला, की घरी पहिला प्रश्न नमाजचा.

दर जुम्म्याला आपण सूरह कहफ पढतो. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा कुत्रा दाराशी पाय पसरून आहे. ते किती जण होते, याचे लोकांचे अंदाज कुरआन सांगते, त्या प्रत्येक अंदाजात तोही मोजलेला आहे.

हौसेने कुत्रा पाळू नये, ही हदीस मलाही ठाऊक आहे. पण शेत, गुरं, शिकार यांसाठी तिच्यातच मुभा आहे. रानात रात्रभर तंबूबाहेर बसणारा राखणच करतो ना? राहिली पाकी. कोकणातले शाफई लाळ लागलेलं भांडं सात वेळा धुतात, एकदा मातीने. हनफींत लाळ नापाक. इमाम मालिक यांच्या मते तर कुत्रा पाकच. त्याचं भांडं वेगळं ठेवा, जानमाज पिशवीत ठेवा, झालं!

मला काळजी वेगळीच. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. तापल्या कातळावर पंजे भाजतात. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची हदीस पोरांना पाठ असते, सॅकमध्ये पाणी मात्र स्वतःपुरतंच.