हाताला समजलंच नाही तर?

परवा ज्ञानेंद्रियांचा पाठ घेत होते. लेकरांचे डोळे बांधले, हातात चिंच, खडू, कापूस दिला. सगळ्यांनी ओळखलं. एकानं विचारलं, "मॅडम, हाताला समजलंच नाही तर?"

मी नेथन कोपलँडची गोष्ट सांगितली. २००४ च्या अपघातात या अमेरिकन तरुणाच्या मानेला इजा झाली, हातपाय लुळे पडले. पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या मेंदूत, स्पर्श ओळखणाऱ्या भागात, बारीक इलेक्ट्रोड बसवले. यंत्राच्या हाताचं बोट दाबलं की तिथे सूक्ष्म वीज जाते आणि त्याला स्वतःच्याच बोटावर दाब जाणवतो! २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डोळे बांधून, कोणतं बोट ते त्यानं सुमारे ८४ टक्के वेळा बरोबर सांगितलं. स्पर्श कातडीला होतो पण कळतो मेंदूला, हे याहून सोपं कसं शिकवणार?

पण माझं मत, पाठ अमेरिकेत संपवू नये. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं तपोवन आपल्याच अमरावतीत आहे. कुष्ठरोगात मेंदू ठणठणीत असतो, बातमी नेणारी नस बिघडते. चटका बसला तरी कळत नाही. यावर मेंदूत वीज सोडायची गरजच पडू नये, कारण औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. फक्त वेळेत घ्यायला हवं. बधिर चट्टा लेकरू सांगत नाही, दुखतच नाही नं तो!

म्हणून मी आता घरचा अभ्यास देते: अंगावर फिकट चट्टा असेल तर आईकडून कापूस टेकवून बघा, कळतो का. दुसऱ्या दिवशी दोघांनी गजकर्ण दाखवलं. तेही चाललं.