संसार मोडू नये

इच्छापोरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पतीस एच.आय.व्ही.ची लागण, स्वतः निरोगी. संसार मोडावा काय, असे त्या विचारतात.

अशाच १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत अभ्यास झाला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात होती. बाधितास लवकर औषधे दिली, तर रक्तातील विषाणू दबतो व जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली दिसून आले. २०१७ पासून आपल्याकडे लागण कळताच सरकारी केंद्रात मोफत औषधे सुरू होतात.

भगिनीस आमचे सांगणे एवढेच : पतीची औषधे एक दिवसही चुकू देऊ नयेत, विषाणू दबल्याचे तपासणीत दिसेपर्यंत निरोध वापरावा, स्वतःचीही तपासणी करीत राहावे. भय रोगापेक्षा लपवाछपवीचे अधिक.