मोठे विमान की रोजचे विमान?

फेरतपासणीची तारीख लिहिताना हल्ली एखादा नातेवाईक मध्येच थांबवतो. "डॉक्टर, सोमवारऐवजी मंगळवार द्या. आमच्याकडचे विमान मंगळवारी असते." सरकारी रुग्णालयात विमानाने येणारे थोडेच, बहुतेकांना एसटी नाहीतर रेल्वे. पण केमोथेरपीनंतर रात्रभराचा प्रवास ज्याला झेपत नाही, तो उसने पैसे घेऊनही तिकीट काढतो. म्हणून विमानाचा आकार हा मला आरोग्याचाही प्रश्न वाटतो.

२०१७ मध्ये 'उडान' योजनेतील फेऱ्या सुरू झाल्या. आता जिल्ह्याजिल्ह्यांत मागणी होते ती मोठ्या विमानाची. साधा हिशेब करून पाहा. १८० आसनांचे विमान आठवड्यातून तीनदा आले तर जागा ५४०. ७२ आसनांचे एटीआर रोज आले तर ५०४. जागा जवळपास तेवढ्याच. पण पहिल्या व्यवस्थेत शुक्रवारी टाके काढलेला रुग्ण सोमवारपर्यंत लॉजवर अडकू शकतो. दुसरीत तो शनिवारी घरी जेवतो.

कंपनी अर्थातच रुग्ण मोजत नाही, भरलेल्या जागा मोजते. मोठ्या विमानात दर आसनामागे खर्च कमी पडतो, पण अख्ख्या फेरीचा खर्च जास्त. ४५ प्रवासी एटीआरमध्ये बसले तर साठ टक्क्यांहून अधिक जागा भरतात; १८० आसनी विमानात २५ टक्केच. पंख्याचे एटीआर जेटपेक्षा सावकाश उडते खरे, पण तीन-चारशे किलोमीटरच्या अंतरात फरक काही मिनिटांचा. इंधन मात्र वाचते आणि आखूड धावपट्टीही चालते. फार लहान विमानाचेही जमत नाही. वैमानिक दोन लागतातच, आणि सगळा खर्च मोजक्या तिकिटांवर येतो. जळगाव-मुंबई मार्गावर सुरुवातीला वीसहून कमी आसनांचे विमान आले होते. ते टिकले नाही.

खरी अडचण मुंबईत आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. उतरण्याची एक वेळ ७० जणांच्या विमानालाही लागते आणि १८० जणांच्याही. अतिदक्षता विभागातल्या शेवटच्या खाटेसारखी तिच्यावर ओढाताण असते, आणि त्यात लहान विमान मागे पडते. दुपारी दोनला उतरणाऱ्या विमानाचा सकाळच्या ओपीडीला काय उपयोग?

तेव्हा लोकप्रतिनिधींनी एअरबस मागू नये. सकाळी आठच्या आत मुंबईत पोचवणारे आणि संध्याकाळी परत आणणारे रोजचे विमान मागावे. नवी मुंबईत मोकळ्या होणाऱ्या वेळांपैकी काही जिल्ह्यांसाठी आधीच राखून ठेवाव्यात. एकदा त्या मोठ्या मार्गांना गेल्या की परत मिळणार नाहीत.

रुग्णांसाठी एक सूचना: एटीआरमध्ये चढायच्या पायऱ्या मागच्या दाराशी असतात. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा. फुप्फुसाचा जुना आजार असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. विमान लहान असो वा मोठे, आतली हवा जमिनीवरच्यापेक्षा विरळच असते.